सुरतेच्या हॉटेलात माझा डावा हात

या गं लेकींनो, जरा सरकून अशा जवळ बसा. कागदावरच बसायचं आहे, पण बसा. आणि आधी थोडं ऐकून घ्या माझं. दर महिन्याला तुमच्या मासिकात ते अनुभव छापता... कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या दारात पांढरी साडी उभी राहते. वाचता आणि मग दिवा लावून झोपता. शिकल्यासवरलेल्या पोरी तुम्ही, शोभतं का हे? मी शाळेची पायरी चढले नाही. नवऱ्याच्या जुन्या वर्तमानपत्रांवरून बोट फिरवत अक्षरं शिकले. पण भूतखेत, लागीर, अंगात येणं यातलं काही कधी मानलं नाही. आजही मानत नाही.

तरी हे लिहायला बसले आहे. कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि आता सांगितलं नाही तर राहूनच जाईल.

लढाईचे दिवस होते. हिटलरची लढाई, ती. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, पश्चिम खानदेश म्हणायचे. आमचं घर तापीकाठच्या गावात, शेतीवाडीचं. पण माझे मालक नवापूरला एका लाकडाच्या वखारीत कारकून होते, म्हणून आम्ही दोघं नवापूरला दोन खोल्या घेऊन राहत होतो. पुढे वखारीचा रस्ता, मागे नदी. दिवसभर करवतीचा आवाज यायचा आणि संध्याकाळी तो थांबला की कान दुखायचे, इतकं शांत व्हायचं.

मी त्यांची दुसरी. पहिली हिरा. लग्नानंतर दोन वर्षांत तापाने गेली, मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे दुसरीच्या गळ्यात सवतीचा टाक घालतात. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचा आकार कोरलेला. माझ्या गळ्यातही मंगळसूत्राशेजारी तो होता. सणाला धुवायचा, नैवेद्याचं बोट लावायचं. मला त्याचं भय नव्हतं की राग नव्हता. मंगळसूत्रात अडकायचा तेवढाच काय तो त्रास.

मालक माणूस चांगला. हात उचलला नाही, वाकडा शब्द नाही. पण सरळ शब्दही नाही. सकाळी आठला जात, दिवे लागताना येत. दिवसभरात तीन वाक्यं — पाणी दे, वाढ, निजतो. चार वर्षं हे असं. हिराचं नाव तर घरात कुणीच घेत नसे. सासूबाईही नाही. मला वाटायचं, या माणसाने एकदा तरी मान वर करून माझ्याकडे बघावं. दुसरं काही नको होतं मला, खरंच.

आणि एक दिवस ते जेवता जेवता म्हणाले, "या शनवारे सुरत जाऊत. दोन दिन. चांगला हॉटेलमा जेवूत."

घरात आम्ही अहिराणीच बोलायचो.

मी विचारलं, "कोन कोन?"

"तू नि मी. आखो कोन शे?"

मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी चार दिवस त्याच तंद्रीत होते. शेजारणीकडून चांगली पिशवी मागून आणली. ती म्हणाली, "काय गं भागी, चार वरीसमा नवरदेवले जाग इनी वाटस." मी हसले. मलाही तेच वाटत होतं.

शनिवारी पहाटेची गाडी. सोनगड, व्यारा, बारडोली... मी खिडकीपाशी, ते समोर. सुरतेला एका धर्मशाळेत पिशवी ठेवली, तोंड धुतलं आणि टांग्याने चौकाकडे, किल्ल्याच्या बाजूला. हॉटेल एका पारशीबाबाचं होतं. साहेब लोक, मोठे व्यापारी, लष्करातले गोरे तिथे जेवायला येत. दाराला रंगीत काचा, वर गरगरणारे पंखे, टेबलावर पांढरं कापड. इतकं पांढरं, की मला वाटलं यावर सांडलं तर दंड करतील.

पारशीबाबा म्हातारे, गल्ल्यापाशी बसलेले. म्हणाले, "आवो आवो. बेसो डिकरी, पंखा नीचे बेसो."

बसले. पण खुर्चीवर मी मांडी घालून बसले. मला दुसरं बसणं माहीतच नव्हतं. मालक हळूच म्हणाले, "पाय खाले सोड. लोके देखी ऱ्हायनात." पाय सोडले तर ते जमिनीला लागेनात. ताटाजवळ घडी घातलेला रुमाल होता, तो मी पिशवीत ठेवला. मला वाटलं पाहुण्यांना देत असतील. तर वाढणारा एक पांढऱ्या साफ्याचा म्हातारा बेरा आला, दुसरा रुमाल ठेवून गेला. मालकांच्या ओठावर हसू आलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्यात बाई नवऱ्यासमोर जेवत नसे. पुरुष उठले, की मग चुलीपाशी बसून आपलं जेवायचं. म्हणजे लग्नाला चार वर्षं झाली, तरी माझ्या नवऱ्याने मला घास तोंडात घालताना पाहिलेलं नव्हतं. त्या टेबलावर मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर जेवणार होते. त्या लाजेनेच मी अर्धी झाले होते.

मालकांनी आधीच सांगून ठेवलं, अंडं-मटण नको. मग भाज्यांचे कटलेट आले, उकडलेले वाटाणे, पाव, लोणी. आणि ताटाच्या दोन बाजूंना काटा आणि सुरी. मालकांनी चमचा घेतला. त्यांचे वाटाणे पळत होते टेबलभर. मी विचार करत होते, पाव तरी हातानेच खाईन...

आणि माझ्या डाव्या हाताने काटा उचलला.

कसं सांगू. मी उचलला नाही. हात माझाच, बांगड्या माझ्या, पण मी बघत बसले होते. काटा डाव्यात, सुरी उजव्यात. कटलेटचा तुकडा कापला, काट्यावर वाटाणे दाबले, तोंडात. एक वाटाणा खाली पडला नाही. मी आयुष्यात काटा पाहिला नव्हता हो. पाण्याचा पेलाही डाव्यानेच उचलला. कुणाचं बघून केलं म्हणाल, तर माझ्या समोर भिंत होती आणि मालक होते. भीती वाटली का? नाही. उलट हात इतका मोकळा, इतका खुशीत होता... कुणाला खूप दिवसांनी भूक लागावी तसा.

मालकांचा चमचा थांबला होता.

तेवढ्यात मागून बेरा आला, पाणी घालायला. त्याच्या पावलांचा आवाज झाला मात्र, डाव्या हाताने काटा टाकला आणि तो सर्रकन माझ्या पदराखाली गेला. लपला.

बेरा पाणी घालून गेला. मालकांचा चेहरा त्या टेबलावरच्या कापडासारखा झाला होता.

"हाई कोन शिकाडं तुले?" त्यांनी विचारलं.

"कोनीच नई."

"तू डावखोरी शे का?"

"नई."

"मंग हात कसाले लपाडा?"

मी म्हटलं, "माले म्हाईत नई." खरं तेच होतं.

आणि लेकींनो, त्या भरल्या हॉटेलात, गोऱ्यांसमोर, पारशिणींसमोर, माझ्या नवऱ्याने हात पुढे करून माझा हात धरला. डावा. आमच्या काळात असं कुणी बंद खोलीतही करत नसे. माझ्याकडे असं बघत होते की... मी चार वर्षं जे मागत होते ना, ते सगळं त्या बघण्यात होतं. उजवा हात मात्र तसाच राहिला होता, सुरी धरून.

संध्याकाळी तापीच्या काठावर बसून ते बोलले. चार वर्षांचं एकदम बोलले.

हिरा डावखुरी होती. डाव्या हाताने जेवायची. आमच्यात डाव्या हाताने जेवणं म्हणजे केवढं अशुभ. सासूबाईंनी तिला फार छळलं त्यावरून. हातावर उलथन्याने मारलं, हात दोरीने बांधून जेवायला बसवलं. पोर चोरून खायची, हे आडून बघायचे, आणि पाऊल वाजलं की तिचा हात पदराखाली. "आई इनी का हिरा असाच हात लपाडे," असं म्हणून ते रडले. त्यांनी तिला कबूल केलं होतं — तुला सुरतेला नेईन, साहेबांच्या हॉटेलात. तिथे रीतच आहे, काटा डाव्याच हातात धरायचा. तिथे तुला कुणी मारणार नाही. ती रोज विचारायची, कधी जायचं? आणि मग ताप आला.

मला तेव्हा आठवलं. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी मला सुईत दोरा ओवायला लावला होता. एकदा नाही, दोनदा. डोळे तपासतायत असं आईला वाटलं. त्या हात बघत होत्या.

मी ऐकत होते. मधे मधे "हा" म्हणत होते. अंधार पडेपर्यंत हिरा कशी हसायची, हिरा काय म्हणायची... माझा नवरा इतका गोड बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. आणि हेही कळलं, की ही सुरत माझ्यासाठी नव्हती. ते टेबल, तो पंखा, ते पांढरं कापड, सगळं तिला कबूल केलेलं होतं. ते नुसतं फेडायला आले होते, आणि एकटं कसं जेवायचं म्हणून मला आणलं होतं.

धर्मशाळेत परतताना म्हणाले, "सकाय परत तठेच जेवूत." उद्या पुन्हा त्याच हॉटेलात.

रविवारी दुपारी परत तेच टेबल. मालक धुतलेला सदरा घालून, दाढी करून, वाटेत चक्क गुणगुणत. पारशीबाबा हसले. कटलेट आले. आणि मालकांनी स्वतः काटा उचलून माझ्या डाव्या बाजूला अगदी हाताजवळ सरकवला. मग वाट बघत बसले.

मी हाताकडे बघितलं. काही नाही. गार, जड, माझा हात. रोज भांडी घासतो तो.

आता तुम्हाला खरं सांगते. मला काटा उचलता आला असता. आदल्या दिवशी बघितलंच होतं. वेडावाकडा का होईना, डाव्या हातात धरला असता, बेऱ्याचं पाऊल वाजल्यावर हात पदराखाली नेला असता. मग त्यांनी पुन्हा तसंच बघितलं असतं. जन्मभर बघितलं असतं. हे सगळं माझ्या मनात आलं. मी लहान नव्हते, बाविशीची बाई होते.

मी उजव्या हाताने पाव तोडला, लोणी लावलं, आणि खाल्ला. पुन्हा तोडला. ते बघत होते.

मी म्हटलं, "मी भागी शे."

त्यांनी सरकवलेला काटा परत आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "हा. माले म्हाईत शे." आणि चमचा घेऊन वाटाणे खायला लागले.

निघताना पारशीबाबा म्हणाले, "डिकरी, काले तो मडमनी जेम खाती हती. आजे शुं थयुं?" काल मडमेसारखी खात होतीस, आज काय झालं, असं विचारत होते. म्हणजे बाहेरच्या माणसानेही पाहिलं होतं. माझ्या मनाचे खेळ नव्हते ते.

परतीच्या गाडीत मालक खिडकीकडे तोंड करून बसले. नवापूर आलं तेव्हा म्हणाले, "उतर."

पुढे तीस वर्षं संसार झाला. दोन मुलं झाली, घर झालं. हिराचं नाव त्यांनी परत काढलं नाही, माझा हातही परत धरला नाही. फक्त एक केलं. सुरतेहून आल्यावर म्हणाले, "यापुढे तूबी संगेच बस जेवाले." आणि मी बसू लागले, त्यांच्यासमोर. सासूबाई आल्या तरी. गावात बायका म्हणायच्या, भागीचं नशीब बघा, नवरा शेजारी बसवून जेवतो. पण रोज, पहिल्या घासाला, त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर जायची. एक क्षण. मग खाली. तीस वर्षं, दोन्ही वेळा.

माझा मोठा मुलगा शास्त्र शिकला. त्याला मी हे अर्धंच सांगून विचारलं, तर म्हणाला, आई, तू कुठेतरी बघितलं असशील, डोक्यात राहिलं असेल. असेलही. पण हात लपवणं मी कुठे बघितलं? हिराला मी पाहिलेलं नाही. तिच्या डाव्या हाताबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणाल टाक. टाक त्याआधी चार वर्षं गळ्यात होता आणि नंतरही होता. कधी काही झालं नाही. कितीदा मी मुद्दाम एकटी बसले, डावा हात ताटाजवळ ठेवून. म्हटलं, ये गं बाई, जेव. कुणी आलं नाही.

मला याचं उत्तर मिळालेलं नाही. त्याहून मोठं दुसरंच सलतं... त्या रविवारी धरला असता काटा डाव्या हातात, तर माझं काय गेलं असतं? कधी वाटतं, बरं केलं. कधी वाटतं, एवढ्या एका घासाने तो माणूस मिळाला असता. दोन्ही खरं आहे, आणि या वयातही ठरत नाही.

मालक जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलं मुंबई-बडोद्याकडे. मी नवापुरातच आहे, दुपारी एकटीच जेवते. ताट घेऊन बसलं की समोर भिंत. आता कुणी बघत नाही, ना डाव्या हाताकडे, ना उजव्या.

म्हणून म्हणते, उत्तरं लिहून पाठवू नका, तुम्ही स्वतःच या. सुरतेच्या गाडीने आलात तर नवापूरला उतरा, स्टेशनवर भागीआजी कुठे राहते विचारा, कुणीही सांगेल. दुपारचंच या, जेवायच्या वेळेला. भाकरी, आमच्या खानदेशी पद्धतीची डाळगंडोरी, ठेचा करीन. माझ्या समोर बसा आणि माझ्याकडे बघत जेवा. फार उशीर करू नका गं.