अम्माच्या तिथीची खुर्ची

मला किळस फार लवकर येते. दुसऱ्याचे ओठ लागलेला पेला मी धुऊनही वापरत नाही. नोकरीतली सगळी वर्षं मी पिण्याचं पाणी घरून नेलं आणि ऑफिसातल्या न्हाणीघरात शक्यतो पाऊल टाकलं नाही. तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत लोक म्हणत, माणूस भारी सोंवळा. मला ती स्तुती वाटायची.

अशा माणसाचा उजवा खुबा झिजला. आधी स्कूटरवर टांग टाकता येईना, मग संडासात बसल्यावर नळाचा पाइप धरल्याशिवाय उठता येईना. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून सांगितलं की आतला गोळा गेलाय, सांधा बदलावा लागेल. मी दोन वर्षं काढली. सगळ्यांना वाटलं, मी शस्त्रक्रियेला घाबरतोय. मी घाबरत होतो बेडपॅनला.

शेवटी गावाबाहेरच्या एका इस्पितळात दाखल झालो. पाठीत सुई टोचून कमरेखालचा भाग बधिर केला, पण कान शाबूत होते. हिरव्या पडद्याच्या पलीकडे सुतारकाम चालावं तसे ठोके पडत होते आणि प्रत्येक ठोक्याला माझी हनुवटी हलत होती. मग काहीतरी जळाल्याचा वास आला. तो माझ्याच मांसाचा वास आहे हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ओकायचीही सोय नव्हती.

पुढचे दिवस आठवले की अजून अंगावर शहारे येतात. लघवीची नळी, खाटेला टांगलेली तिची पिशवी, आणि त्या पिशवीपासून वीतभर अंतरावर माझा इडलीचा डबा. भेटायला येणारे आधी पिशवीकडे बघत आणि मग माझ्याकडे. दोन पायांमध्ये तिकोनी उशी बांधलेली, त्यामुळे कूस बदलणं नाही. वेदनेच्या गोळ्यांनी पोट बांधलं गेलं ते चौथ्या दिवशी औषध देऊन मोकळं करावं लागलं. माझ्या मुलीपेक्षा लहान अशी एक नर्स आली. “थोडं वर उचला, सार,” असं तमिळमध्ये म्हणाली, आणि गुणगुणत सगळं आवरून गेली. तिनं नाक दाबलं नाही, तोंड वाकडं केलं नाही. त्या पोरीचा मला इतका राग आला की मी तिचे आभारही मानले नाहीत.

घरी सोडताना नियम सांगितले. जमिनीवर बसायचं नाही. मांडी घालायची नाही. वाकायचं नाही. बैठक गुडघ्यांपेक्षा उंचच पाहिजे, नाहीतर नवा सांधा निसटेल. आमच्या घरी डायनिंग टेबल नाही. जेवण पाटावर, पूजा पाटावर, आणि संडास उकिडवं बसायचा. म्हणजे घरात मला जागाच उरली नाही. मग ती खुर्ची आली. स्टीलच्या नळ्यांची, हातांची, पाय हवे तेवढे उंच करता येणारी, मधोमध भोक आणि भोकाखाली सरकवायचं प्लास्टिकचं भांडं.

ती मधल्या खोलीत, देवघराच्या भिंतीला लागून ठेवावी लागली, कारण वॉकर घेऊन मला तेवढंच चालता येत होतं. बायकोनं दोरीवर जुनी साडी टाकून आडोसा केला. आडोशाच्या अलीकडे मी, पलीकडे सांबार उकळतंय. त्या दोन वासांची अशी गाठ पडली की मी सांबार सोडलं. आमच्यासारख्या तंजावरी मराठी माणसानं सांबार सोडणं म्हणजे काय, ते इथल्याच लोकांना कळेल. भांडं न्यायला बायको आली की मी भिंतीकडे तोंड करायचो. तिच्याशी एक शब्द बोलायचो नाही. माझ्या शरीराची मला शिसारी आली होती आणि तो राग काढायला समोर बायकोच होती.

दहाव्या आठवड्यात अम्माची तिथी येत होती. चेन्नईहून धाकट्या भावाचा फोन आला. “अण्णा, रविवार अहे, मी येतों. औंदा मी करतों. तूं नुसतं पडून बघ.”

मी नाही म्हटलं. अम्मा जाऊन अकरा वर्षं झाली आणि एकाही वर्षी तिचं श्राद्ध मी चुकवलं नव्हतं. भावाला वाटलं, थोरलेपणाचा हट्ट आहे. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटचे आठ महिने अम्मा अंथरुणावर होती. त्या आठ महिन्यांत मी तिचं भांडं एकदाही उचललं नाही, चादर एकदाही बदलली नाही. दाराशी उभा राहून, बरं आहे का, एवढं विचारायचो आणि श्वास रोखून माघारी वळायचो. सगळं बायकोनं केलं. वर्षातून एकदा तीळ आणि पाणी देणं, एवढंच काय ते मी माझ्या आईचं केलं होतं. तेही भावाच्या हाती गेलं तर माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं.

आमचे वाध्यार, म्हणजे पुरोहित, ओट्यावर बसून म्हणाले, “वर बसून करा, दोष नाहीं. पण आसन धुतां येईल असं पाहिजे.” झालं. वेताच्या आणि गादीच्या खुर्च्या बाद. प्लास्टिकची खुर्ची बुटकी. एका लाकडी खुर्चीच्या पायांखाली विटा लावून पाहिल्या, तर व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसानं त्या स्वतः उचलून अंगणात टाकल्या. घरात उंच, भक्कम, हातांची आणि पाण्यानं धुता येईल अशी एकच बैठक होती.

आदल्या दिवशी दुपारी बायकोनं ती परसात ओढत नेली. देवाची पितळी भांडी घासते तशी चिंच आणि राख घेऊन नळी न् नळी घासायला लागली. भांडं तिनं आधीच काढून ठेवलं होतं. वर टाकायला देवघरातला पाट धुऊन उन्हात उभा केला होता.

मी वॉकरवर दारापर्यंत आलो. “तुला लाज वाटते का?” मी म्हणालो. “ह्याच्यावर बसून अम्मास पाणी द्याचं?”

ती घासत राहिली. मग हात न थांबवता म्हणाली, “अम्मा तुमी ऑफिसास जाईपर्यंत दाबून धरत होत्या. ठाऊक अहे?”

मला काही ठाऊक नव्हतं.

“स्कूटर गल्लीच्या टोकास गेल्याचा आवाज ऐकाच्या, मगच मला हाक माराच्या. एकदा तुमचं तोंड बघटलं होतं त्यांनी, दारांत. त्यानंतर कधी तुमी घरांत असताना मागितलं नाहीं.”

मी म्हणालो, रविवारी तर मी घरीच असायचो.

“रविवारीं पाणी पीत नव्हत्या,” बायको म्हणाली. “शनिवार रातपासून. ओठ सुकाचे तर ओलं फडकं लावाचें मी. तुमास सांगूं नको म्हणून शपथ घातली होती.” तिनं बादली उपडी केली आणि राखेचं पाणी गटाराकडे वाहून गेलं.

 नवा सांधा दुखत नव्हता. मला स्वतःची किळस आली, आणि ही बेडपॅनवरची किळस नव्हती. ही धुऊन निघणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओला पंचा नेसून मी त्याच खुर्चीवर, पाट टाकून बसलो. भाऊ बायको-मुलांसह आला होता. ती कसली खुर्ची आहे ते त्यानं ओळखलं. समोर स्टुलावर तांब्याचं ताम्हण ठेवलं होतं. स्टीलला चिंचेचा वास येत होता आणि त्याखाली, मी नाक लावलं तर, फिनेलचा. मी नाक वळवलं नाही. दर्भाचं पवित्रक बोटात, जानवं उजव्या खांद्यावर, तळहातावर काळे तीळ. वाध्यार मंत्र म्हणायला लागले आणि बायकोनं माझ्या हातावर पाणी घातलं.

तीन वेळा द्यायचं असतं. मी तीन वेळा दिलं. मग हात तसाच पुढे ठेवला. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पाणी घातलं. पुन्हा घातलं. ताम्हण काठोकाठ भरून स्टुलावरून खाली गळायला लागलं.

“पुरे,” वाध्यार म्हणाले.

“आज रविवार अहे,” मी म्हणालो, आणि हात पुढेच ठेवला.