वरणाचं पाणी

वलगावच्या वसतिगृहात देवीदासने एकतीस वर्षं वरण शिजवलं. माणसाचं नाव विचारायच्या आधी तो जेवला का, ते विचारी. पुढे निवृत्त झाला, बायको गेली, मुलगा पियुष नोकरीसाठी पुण्याला गेला आणि खाऊ घालायला घरात कोणी उरलं नाही. रोज फोनवर तो पियुषला तेच विचारी, जेवला का? एकदा पोरगा वैतागला. मी माझं करून खातो बाबा, रोज काय तेच, म्हणाला. देवीदासला ते फार लागलं.

अमरावतीच्या कॉलेजातल्या संध्या मॅडमनी त्याच्या अंगणातल्या टाक्यात स्पिरुलिना नावाचं शेवाळ वाढवायला दिलं होतं. शनिवारी त्या बघायला येत. तेवढंच माणूस दारात येई. या शेवाळात डाळीपेक्षा जास्त प्रथिनं, हे ऐकून गडी हरखला. पण त्याला द्यायचं काय, तर खायचा सोडा, थोडं खत आणि ऊन. हे काय जेवण झालं? देवीदासला राहवेना. दुपारी तो टाक्यात वरणाचं वरचं पाणी ओतू लागला. आठवड्यात टाकं पिवळं पडलं, घाण मारू लागलं.

मॅडमनी वासावरूनच ओळखलं, पण रागावल्या नाहीत. शेवाळ उन्हावर आपली साखर आपणच बनवतं, खतातला नायट्रोजन घेऊन तिच्यापासून अमिनो आम्लं करतं आणि ती मण्यांसारखी ओवून प्रथिनं तयार करतं, असं त्यांनी समजावलं. वरणावर पोसले ते जंतू, आणि त्यांनीच शेवाळाचा घात केला.

"म्हंजे त्याले माह्या हातचं काहीच लागत नाई," देवीदास म्हणाला. "मंग मी काहून लागतो?"

"ढवळायला. तळाशी राहतं त्याला ऊन मिळत नाही."

मॅडमनी बियाणं म्हणून वेगळ्या ठेवलेल्या शेवाळाची एक बाटली खिडकीत हिरवी उरली होती. टाकं धुऊन तिच्यावर त्याने ते पुन्हा लावलं. वसतिगृहातून आणलेल्या मोठ्या पळ्याने दिवसातून चारदा ढवळायचं आणि नुसतं बसायचं. पाणी हिरवं होत गेलं. आपल्या वरणावाचून त्याचं काही अडलं नाही, याचं त्याला वाईटच वाटलं.

एका संध्याकाळी पियुषचा फोन आला. जो आपलं आपण करतो त्याच्यात काही ओतायचं नाही, असं देवीदासने ठरवूनच टाकलं होतं. त्याने हवापाणी विचारलं, ऑफिस विचारलं. जेवणाचं नाव काढलं नाही. मग बरं, ठेवतो म्हणाला.

"बाबा," पियुषने थांबवलं, "आज जेवला का म्हून नाई इचारलं तुमी?"