चोवीस सेकंदांचा रस्ता

अख्ख्या कॅनडातला सर्वांत सावकाश माणूस आमच्या कनाटा उपनगरात राहतो, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. माझ्या बाबांचे हे कॉलेजमित्र. बाबा नागपूरलाच राहिले आणि काका सत्तरच्या दशकात इकडे येऊन टेलिफोनच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. मी नवी आले तेव्हा बाबांच्या सांगण्यावरून त्यांना जेवायला बोलावलं, तर बाराला येतो म्हणून पावणेदोनला उगवले. निघताना बूट, टोपी, पार्का म्हणजे तो जाडजूड कोट, असा सगळा जामानिमा चढवून दाराशी आणखी पाऊण तास बोलत उभे राहिले. दार धरून धरून माझा नवरा गारठला आणि काका पार्कात घामाघूम झाले, पण विषय काही संपेना.

खरी गंमत त्यांच्या वहीत आहे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेब त्यांना म्हणाला होता, "डोन्ट डॉडल." काकांना शब्द माहीत नव्हता. घरी येऊन डिक्शनरी उघडली, रेंगाळू नकोस असा अर्थ निघाला, आणि अपमान वाटायचा सोडून हे गृहस्थ शब्दाच्या प्रेमातच पडले. तेव्हापासून हळू चालण्याचे, वेळ काढण्याचे, मागे पडण्याचे इंग्रजी शब्द ते जमवत आले आहेत. डॉडल, लिंगर, लॉयटर, प्लॉड, लॅग, टॅरी... प्रत्येकाला स्वतंत्र पान आणि त्या पानावर उदाहरणादाखल ओळखीतलं एक माणूस! लिंगर म्हणजे निघता पाय न निघणं, त्या पानावर ते स्वतः आहेत. प्रोक्रॅस्टिनेटच्या, म्हणजे चालढकलीच्या, पानावर मी आहे, कारण बर्फ पडून गाडी घसरेपर्यंत मी विंटर टायर्स लावले नव्हते. मी भांडायला गेले तर म्हणाले, "अगं, चिडतेस काय? डॉडल करणाऱ्याला आपण काय करतोय याचा पत्ता नसतो. तुला पूर्ण असतो. तुझं पान वरच्या दर्जाचं आहे." पुढच्या वर्षी टायर्स मी ऑक्टोबरातच लावले, तरी वहीतलं नाव काही खोडलं गेलं नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळं अवघड होऊन बसलं. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. मुलगा अजय बर्नाबीला, विमानानं पाच तास लांब. "डॅड, यू कान्ट लिव्ह अलोन," हे त्याचं प्रत्येक फोनवर ठरलेलं. शेवटी त्यानं अट घातली. लायब्ररी, ग्रोसरी, बस स्टॉप, सगळं घरासमोरच्या मोठ्या रस्त्यापलीकडे. सिग्नलवरचे उतरते आकडे संपायच्या आत, कुणाचा हात न धरता तो रस्ता ओलांडून दाखवला तर कनाटात राहायचं, नाहीतर घर विकून बर्नाबीला त्याच्या कॉन्डो फ्लॅटात. आकडे चोवीस होते आणि घर चाळीस वर्षांचं होतं. काका म्हणाले, "डील."

मग या माणसानं जे आरंभलं, ते मी जन्मात विसरणार नाही. बेसमेंटमध्ये खडूनं रस्त्याची रुंदी आखली. रोज दोनदा, हातात काठी, ओठ घट्ट मिटलेले, आणि मी फोनवर वेळ लावून उभी. पहिल्या दिवशी चोवीस सेकंदांत ते निम्म्यावर होते. मी म्हटलं, "काका, आज पुरे." म्हणाले, "पुन्हा लाव." गुडघा सुजला की बर्फाची पिशवी बांधायची आणि पुन्हा लाव. दोन महिन्यांनी तेवीसवर आले. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं शिरा केला, अर्थात तो व्हायला दोन तास लागले.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी अजय येऊन सिग्नलपाशी उभा राहिला. सिग्नलवरचा चालणारा पांढरा माणूस उजळला, काका निघाले आणि काय सुंदर निघाले! मी दोन पावलं मागे होते. बाराच्या आकड्याला निम्मा रस्ता मागे पडला होता. एवढ्यात समोरून आमच्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष आले.

"अहो, नमस्कार! गुडघा काय म्हणतोय?"

वडीलधाऱ्या माणसानं विचारपूस केली आणि आपण न थांबता पुढे गेलो, हे काकांच्या हातून या जन्मात होणं नाही. त्यांनी काठी बगलेत मारली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "झकास! वहिनींचं बीपी कसं आहे?" आकडे संपले. गाडीवाले बिचारे हॉर्न न वाजवता हसत बसले. आम्ही तिघं अजयच्या बाजूला परत आलो. अजयनं कपाळाला हात लावला.

"डॅड, यू स्टॉप्ड इन द मिडल ऑफ द रोड!"

"आय वॉज नॉट स्लो," काका कडाडले. "आय वॉज बिझी. वन मोअर टाइम." आणि माजी अध्यक्षांना म्हणाले, "तुम्ही जरा पाठ करून उभे राहता का?" ते बिचारे खरंच पाठ करून उभे राहिले. काका पुन्हा निघाले, मागे मी, आणि दोनचा आकडा दिसत असताना त्यांनी पलीकडच्या फुटपाथवर काठी टेकली. मी रस्त्यातच ओरडले.

पुढच्या सिग्नलला अजय धावत आला. पलीकडे पोचल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिला. काका त्याच्या विरळ झालेल्या, पिकलेल्या केसांकडे बघत होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "दुपारची फ्लाइट उद्याची होईल का, विचार ना त्याला. मी विचारलं तर हरल्यासारखं होईल."

मी विचारलं. अजयनं फोन काढला, बराच वेळ बघितला आणि मान हलवली. "आय विश, ताई. उद्या सकाळी ऑफिसच्या टीमबरोबर दौऱ्यावर निघायचंय." मला फार वाईट वाटलं. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "बरोबर आहे. कामं असतात." मग काठी सावरून लायब्ररीच्या दिशेनं चालू लागले. आम्ही दोघं मागोमाग निघालो, पण त्या दिवशी ते इतके भराभर चालले की आम्हाला त्यांचा चेहरा काही दिसला नाही.