चाळीसची बाटली

माझे मालक पलटणीतून कायमचे घरी आले तेव्हा लढाईचं चौथं वर्ष चालू होतं. गावातली बाकीची माणसं अजून ब्रह्मदेशाच्या बाजूला होती, आणि हे हातपाय शाबूत घेऊन परतलेले. काहींना आधी वाटलं, पळूनच आले. मग त्यांनी ह्यांचा चेहरा पाहिला आणि ते बोलणं तिथंच थांबलं. गेले तेव्हा भरल्या अंगाचा गडी होता. आता सदरा खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता.

पुण्याच्या लष्करी दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. लघवीतून साखर जाते, नोकरीच्या कामाचे नाहीत, असा कागद देऊन घरी पाठवलं. बरोबर काचेची पिचकारी, दोन सुया आणि इन्शुलीनच्या सहा लहान बाटल्या होत्या. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रोज सकाळ-संध्याकाळ टोचायचं, आणि जन्मभर टोचायचं, एवढं त्यांनी मला सांगितलं.

"जन्मभर म्हंजे किती?" मी विचारलं.

"म्हंजे जगायचं असंल तंवर," ते म्हणाले आणि हसले.

त्यांची नजर अंधूक झाली होती. पिचकारीवरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नसत. मी माहेरी मराठी चौथी शिकले होते, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. सुई-पिचकारी पातेल्यात उकळायची, सुई बोथट झाली की सहाणेवर हलक्या हातानं घासायची, बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. पहिल्या दिवशी सुई कातडीला टेकवून मी थांबले, तेव्हा त्यांनीच माझं मनगट धरून ती आत घातली. महिन्याभरात मी ते चूल पेटवावी तसं करू लागले.

आमचं गाव तासगावच्या पलीकडं. बाटल्या संपत आल्या की सांगलीला जायचं. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार चढ आला की थांबायची, आणि आम्ही उतरून चालायचो. सांगलीचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मला लघवी तपासायला शिकवलं. काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून ती चिमणीच्या ज्योतीवर धरायची. निळंच राहिलं तर बरं, हिरवं झालं तर सांभाळा, विटेसारखं लाल झालं तर साखर फार. डॉक्टरांनी भात, गूळ, बटाटा बंद केला आणि भाकरीही मोजून द्यायला सांगितली.

मोजून द्यायचं हे सासूबाईंना काही केल्या पटेना. त्यांचा एकुलता एक मुलगा भुकेनं ताटाकडं बघत बसायचा आणि मी भाकरीची टोपली उचलून ठेवायची.

"माझं लेकरू वाळून कोळ झालं आन् ही त्याच्या म्होरनं भाकरी उचलती," त्या शेजारणीला सांगायच्या, मला ऐकू येईल अशा बेतानं. एका सणाला त्यांनी मागच्या सोप्यात ह्यांना गुळवणी आणि पोळी घातली. संध्याकाळी नळी लालभडक झाली. मी ती नळी सासूबाईंपुढं धरली. त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? त्यो पोटभर जेवला, एवढं मला कळतं."

मला त्यांचा राग आला.

एकदा डॉक्टरांच्या टेबलावर इंग्रजी मासिक उघडं पडलं होतं. त्यांनी चष्मा वर करून आम्हाला सांगितलं, "परदेशात आता नव्या जातीचं इन्शुलीन वापरतात. सकाळी एकदा टोचलं की दिवसभर पुरतं. ह्यात सगळं लिहून आलंय."

"आपल्याकडं कवा येईल?" मी विचारलं.

"बाई, जे जुनं आहे तेच येईना. बोटी लढाईच्या कामाला लागल्यात. लढाई संपू द्या."

परत येताना हे मोटारीत एकदाच बोलले. "एकदाच टोचायचं म्हंजे बरं हाय की. तुझा अर्धा दिस मोकळा." जणू ते औषध माझ्यासाठीच निघालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात बाटल्या मिळेनाशा झाल्या. मी एकटीच सांगलीला गेले. डॉक्टर बाहेरगावी होते. कंपाउंडरनं कपाट धुंडाळून एक बाटली काढली.

"ही एकच हाय. पर बाई, ही चाळीसची. तुमी आजवर नेली ती वीसची. हिचं औषध दुप्पट कडक. निम्मंच घ्यायचं, ध्यानात ठेवा."

मी ध्यानात ठेवलं. वाटेभर मनात म्हणत आले, निम्मं, निम्मं. घरी सासूबाईंनाही सांगितलं. दोन दिवस जुन्या बाटलीतलं उरलेलं वापरलं. तिसऱ्या दिवशी पहाटे पेरणीआधीच्या कामाला माणसं येणार होती, त्यांच्या भाकरी थापायच्या होत्या, आणि मी नवी बाटली काढून रोजच्या रेघेपर्यंत पिचकारी भरून ह्यांना टोचली. हाताला जी सवय होती ते हातानं केलं. मला काहीही वेगळं वाटलं नाही. हे मी अनेक वर्षं स्वतःला विचारलं आहे, की तेव्हा काही तरी वाटलं असेल का. नाही वाटलं.

हे थोडंसं खाऊन रानात गेले. ऊन वर आलं तसे दोन माणसांच्या आधारानं परत आले. अंग घामानं निथळत होतं, ओठ हलत होते. ते मला ओळखेनात. पलटणीतल्या हिंदीत कुणाला तरी हुकूम देत होते. मग जोत्यावर आडवे झाले आणि हातपाय झटकू लागले.

तेव्हा मला ती रेघ दिसली. डोळ्यांपुढं, स्पष्ट.

साखर एकदम उतरली तर गूळ द्या, असं डॉक्टरांनी फार पूर्वी सांगितलं होतं. मी मडक्यातला गुळाचा खडा फोडला, पाण्यात कालवला आणि त्यांच्या गालाच्या आत बोटानं चोळू लागले. सासूबाईंनी माझा हात धरला.

"वरीसभर त्याला गूळ दिला न्हाईस, आन् आता मरताना भरवतीस व्हय गं?"

"आत्याबाई, सोडा. माझ्या हातनं औषध जास्त गेलंय. सोडा मला."

त्यांनी हात सोडला. मग त्यांनीच ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळानं ह्यांनी डोळे उघडले, आमच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "माणसं जेवली का?"

संध्याकाळी मी त्यांच्या पाया पडून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हुतं असं. तिकडं शिकलेल्या माणसाच्या हातनंबी हुतं. उद्या सकाळी तूच घाल."

मी घातलं. पण त्या दिवसापासून पिचकारी निम्म्यावर आली की माझं बोट तिथंच थांबेना, थोडं औषध बाटलीत परत ढकलायचं. निम्म्याचं पाव व्हायचं. नळी रोज लाल यायची. त्यांना ती नीट दिसत नव्हती, आणि विचारलं तर मी म्हणायची, "हिरवी हाय." ते पुन्हा घागरीनं पाणी पिऊ लागले. दहा दिवसांची बाटली मी अठरा दिवस पुरवली.

ती संपली त्या दिवशी मी पुन्हा सांगली गाठली. डॉक्टर होते, बाटली नव्हती. त्यांनी मिरजेला माणूस पाठवला, तो हात हलवत आला. पुण्याला तार केली. मला म्हणाले, "घरी जा. मिळाली की माणसाबरोबर पाठवतो. त्यांना भरपूर पाणी द्या." ते बोलताना माझ्याकडं पाहत नव्हते.

घरी हे अंथरुणाला लागले होते. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी श्वास लांब आणि खोल झाला, लांबचा पल्ला धावून आलेल्या माणसासारखा, आणि तोंडाला पिकून उतरलेल्या फळांसारखा वास येऊ लागला. सासूबाई कपाळावर ओला फडका ठेवत होत्या. मी पिचकारी उकळून, पुसून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवली होती. तिच्यात भरायला काही नव्हतं. तरी दुपारी मी ती फडक्यातून काढून पुन्हा एकदा उकळली.

दिवस मावळायच्या आत ते गेले.

सुतक फिटल्यावर मी सांगलीला गेले. उरलेलं निळं औषध परत देते असं घरी सांगितलं. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, दुप्पट घातलं तेही आणि नंतर भीतीनं कमी घालत गेले तेही. आणि विचारलं, "मी कमी घातलं म्हणून गेले का?"

त्यांनी मनाशी दिवस मोजले.

"कमी घातलंत म्हणून ते खचत गेले. आणि कमी घातलंत म्हणूनच बाटली आठ दिवस जास्त चालली. नेमानं घातलं असतंत, तर आठ दिवस आधी संपली असती. पुढं काय, ते माझ्याही हातात नव्हतं."

"म्हणजे माझी चूक झाली की नाही?"

"बाई, मला सांगता येत नाही."

मी नळी आणि औषध टेबलावर ठेवलं. त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि बाहेरच्या माणसाला आत बोलावलं. मी घरी परतले तेव्हा सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्यासाठी भाकरी काढून ठेवली होती. मी हातपाय धुऊन ती खायला बसले.