इंजिनाची पिकदाणी

आमच्या आतोबांच्या मते, नाडी नाही अशी वस्तू देवाने किंवा माणसाने अजून बनवलेलीच नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांनी सगळी हयात रत्नागिरीत होमिओपॅथीच्या गोळ्या देण्यात घालवली. दवाखाना बंद केला आणि रुग्ण येईनासे झाले, तेव्हा त्यांनी घरातल्या वस्तू तपासायला घेतल्या. विहिरीवरच्या पंपाला स्टेथोस्कोप लावून ते डोळे मिटून उभे राहत आणि कोणी बोललं तर हातानेच गप्प करत. भिंतीवरचं घड्याळ मागे पडू लागलं, तर त्याला दम लागतो म्हणून आठवड्यातून एक दिवस ते बंद ठेवत. त्या दिवशी आत्याने स्वयंपाक अंदाजाने करायचा. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण पंपाकडे बघून ‘हा काही फार दिवस काढत नाही’ असं ते म्हणाले आणि संध्याकाळी पंप खरोखरच जळाला. फ्रिज मनातल्या मनात कुढतो, असंही ते एकदा सहज बोलून गेले. तेव्हापासून त्यांच्याकडे पाणी प्यायचं झालं, तरी फ्रिजकडे पाठ करून उभं राहणं मी टाळत असे.

त्यांचा लाडका रुग्ण म्हणजे त्यांची जुनी डिझेल गाडी. तिला टर्बो होता. टर्बो म्हणजे काय, हे ते पाहुण्यांना भर जेवणात समजावून सांगत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक चक्र फिरतं आणि ते चक्र इंजिनाच्या छातीत जोराने हवा भरतं. “म्हणजे बघा, आपल्याच उच्छ्वासावर बळ धरणारा प्राणी आहे हा,” असं म्हणून ते आमटीचा भुरका मारत आणि पाहुणा अंगणातल्या गाडीकडे जरा जपून बघायला लागे. गाडी थकलीय असं वाटलं की ते ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेच्या बरंच वर ऑइल ओतत. जन्मभर साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणाऱ्या या माणसाने सढळ हाताने दिलेला हा एकच डोस. “अशक्तपणाला थोडं जास्तच द्यावं,” ते म्हणत.

श्रावणातल्या एका दुपारी आम्ही तिघं जयगडला निघालो होतो. आत्या पुढे, मी मागे. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर आलो तेव्हा धुकं इतकं खाली उतरलं होतं की कातळ कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. आतोबांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. इंजिनाचा आवाज खाली गेला, आता थांबणार असं वाटलं, आणि मग तो हळूहळू वर चढायला लागला. आतोबांचे दोन्ही पाय पेडलांपासून दूर, खाली टेकलेले होते. आवाज वाढतच गेला, खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या, मागे निळसर पांढरा धूर धुक्यात मिसळत गेला. आतोबांनी किल्ली काढून आम्हाला दाखवली.

“किल्ली माझ्या हातात आहे,” ते म्हणाले.

आत्या बॉनेटकडे बघत होती. तिने अगदी हळू विचारलं, “अहो, मग आत कोण आहे?”

इंजिन आता किंचाळत होतं. आतोबांचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात शाबूत होते. त्यांनी क्लच दाबून गाडी शेवटच्या गिअरमध्ये टाकली, ब्रेकवर सगळा भार दिला आणि क्लच सोडला. गाडीने मोठा आचका दिला, जळका वास सुटला आणि सगळं एकदम गप्प झालं. त्या शांततेत आत्या दार उघडून उतरली. रिक्षा मिळेपर्यंत ती सड्यावर उभी राहिली, पण गाडीत परत बसली नाही.

ओढून आणलेली गाडी गॅरेजवाल्या मुनाफ मेस्त्रींनी बघितली. “डॉक्टर, तुम्ही हिला तेल पाजून पाजून मारताय,” ते म्हणाले. इंजिनाच्या आतली वाफ एका नळीने टर्बोच्या तोंडाशी जाते. तेल जास्त झालं, इंजिनही झिजलेलं. वाफेबरोबर तेल टर्बोत गेलं आणि डिझेल बंद केल्यावर गाडी तेच पिऊन धावत राहिली. आतोबांनी बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे स्वतःचंच रक्त पीत होती.”

उपाय दोन झाले. शेजारणीच्या सांगण्यावरून आत्याने सड्यावरच्या राखणदाराला, म्हणजे तिथली राखण करणाऱ्या देवाला, नारळ दिला आणि आतोबांनी गाडीला डबा बसवून घेतला. मेस्त्रींनी जास्तीचं तेल काढलं, पाइप धुतले आणि ती वाफेची नळी मध्ये कापून तिथे जाळी भरलेला ॲल्युमिनियमचा डबा जोडला. तेल जाळीला चिकटून डब्यात उतरायचं, नुसती हवा पुढे जायची. आतोबांनी त्याला नाव दिलं पिकदाणी. दर रविवारी खालचा नळ सोडून ते आतला काळपट, दुधाळ रस काचेच्या बाटलीत घेत, उजेडात धरून बघत आणि बाटली जुन्या औषधांच्या फळीवर ठेवत. फळी भरत चालली, तशी मोलकरणीने ती खोली झाडायचं सोडून दिलं.

आत्या मात्र एसटीनेच फिरायची. आतोबांनी आग्रह केला नाही. ते तिला फक्त बाटल्या दाखवत, रस कसा कमी होत चाललाय ते सांगत. शेवटी एके दिवशी तीच म्हणाली, “चला, एकदा बघू तरी.” सड्यावर त्याच जागी आतोबांनी गाडी थांबवली आणि किल्ली फिरवली. इंजिन तिथल्या तिथे थांबलं. कातळावरून वाऱ्याचा आवाज येत होता.

“ऐकलंस?” आतोबांनी विचारलं.

“काही नाही ऐकू आलं.”

“तेच तर,” ते म्हणाले, आणि त्यांनी तिचा हात धरला. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

गेल्या वर्षी आतोबा गेले. दुपारचे खुर्चीत बसले होते, आत्या चहा घेऊन आली तोवर गेलेले. गाडी विकायला आत्या तयार नाही. बॅटरी उतरू नये म्हणून मी अधूनमधून जाऊन ती सुरू करतो, थोडा वेळ अंगणात चालू ठेवतो आणि किल्ली फिरवतो. इंजिन लगेच बंद होतं. आत्या पायरीवर उभी असते. परवा मी दार लावून वळलो, तरी ती तिथेच होती, कान गाडीकडे.

“किल्ली फिरवल्यावरही गाडी जरा वेळ थांबली नसती, तरी चाललं असतं,” ती म्हणाली, आणि आत गेली.