लाल पट्ट्यापलीकडची रेघ

आमच्या मामंजींनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे माणसांपेक्षा काट्यांवर त्यांचा भरवसा जास्त. त्यांची जुनी गाडी वयाने माझ्या नवऱ्याहून मोठी, आणि घरात लाडही तिचेच जास्त. इंजिनाची उष्णता दाखवणारा तिचा काटा लाल पट्ट्याला टेकला, की मामंजी असतील तिथे थांबत. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला, आणि हे बॉनेट उघडून तिला वर्तमानपत्राने वारा घालताहेत. मागच्या वेळी सासूबाई उरलेला चढ तरातरा चालत गेल्या आणि वर पोचून म्हणाल्या, यापुढे बहिणीकडे जाईन ती बसने. ते जाणं उद्यावर आलं, तसं मामंजींना जेवण गोड लागेना.

गॅरेजवाला म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, काटाच तपासा. म्हणून आज दुपारी मामंजींनी इंजिनातला उष्णता मोजणारा बोटभर सेन्सर काढला, लांब वायरींनी गाडीला जोडला आणि गाडीशेजारी शेगडी मांडून माझ्या दुधाच्या पातेल्यात सोडला. विचारलं कोणी मला? पाणी मोजायला ते तापाचा थर्मामीटर घेऊन निघाले होते. तो मी हातातून काढून घेतला आणि साखरेच्या पाकासाठी वापरते तो दिला. आता काटा वाचायला कोणीतरी हवं. सासूबाई स्टिअरिंगमागे बसल्या, पण फक्त वाचायला, हे त्यांनी दोनदा बजावलं.

पाण्यावर धड वाफही आली नाही, तोच गाडीतून सासूबाईंचा आवाज आला, लाल. थर्मामीटरवर फक्त सत्तर, म्हणजे इंजिनाच्या हिशेबाने कोमटच. मामंजींनी पाणी बदलून पुन्हा तापवलं. पुन्हा तेच. पाणी खळखळ उकळलं तेव्हा काटा लाल पट्टा ओलांडून पार कोपऱ्याशी गेलेला. मामंजी पायरीवर बसले. घरातलंच कोणी खोटं बोलताना सापडावं तसा चेहरा. मी देवाचं नाव घेऊन हसू गिळलं.

"म्हणजे गाडी तापलीच नव्हती?" सासूबाईंनी विचारलं.

"नव्हती."

"आणि मी भर उन्हात चालले."

मामंजींनी शेगडी विझवली.

सासूबाईंनी माझं नेलपॉलिश मागवलं आणि उकळीला काटा होता तिथे काचेवर रेघ ओढली. "उद्या काटा इथवर आल्याशिवाय गाडी थांबवायची नाही. मी शेजारी बसून बघणार आहे."

"म्हणजे बसने नाही?" मामंजींनी हळूच विचारलं.

"तुमच्या भरवशावर नाही बसत. रेघ माझी आहे."

संध्याकाळी दुधाचं पातेलं मामंजींनी न सांगता लख्ख घासून आणून दिलं. देवाची कृपा, दुसरं काय.