चहात बुडवायचा ब्रेड

डॉक्टरांनी बाबांचा गहू बंद केला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पोट बिघडणं, वजन उतरणं, तपासण्या, पुन्हा तपासण्या, यात इतका काळ गेला होता की आजाराला एकदाचं नाव मिळालं, एवढंच डोक्यात आलं. मी शाळेत शिकवते आणि आईबाबांजवळच राहते, त्यामुळे दवाखान्याच्या सगळ्या खेपा माझ्याच. कणीक, रवा, मैदा, काही म्हणजे काही नाही, कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये, असं डॉक्टर सांगत होते आणि मी मान हलवत होते. "माळव्यात राहून गेहूं बंद," बाबा रिक्षात म्हणाले.

पोळीचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. अडलं ते ब्रेडपाशी. नोकरीला लागले तेव्हापासून सकाळी चहात बुडवून ब्रेड खायची सवय. ज्वारीची, मक्याची भाकरी त्यांच्या नव्या कवळीला चावेना, आणि सकाळचा ब्रेड गेल्यावर त्यांनी खाण्यातूनच लक्ष काढून घेतलं. पानावर बसायचे, वरणभाताचे चार घास घ्यायचे आणि हात धुवायला उठायचे. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल दिसायला लागली. वजन असंच उतरत राहिलं तर भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून मी ब्रेड शोधायला निघाले. कृष्णपुऱ्याजवळच्या आमच्या नेहमीच्या किराणावाल्याने लगेच एक पुडा पुढे केला. "ये लो दीदी, आटा ब्रेड. मैदा बिल्कुल नी है."

"आटा भी नी चलेगा, भिया."

"तो फिर ब्रेड काहे का बनेगा?"

त्याचंही बरोबरच होतं. दुसऱ्या दुकानात मला बिनसाखरेची बिस्किटं दाखवली गेली. नातेवाइकांनी फोनवरून सल्ले दिले, ते फुकट असल्यामुळे भरपूर होते. शेवटी एका मोठ्या दुकानात, फ्रीजरमधल्या मटारच्या पिशव्यांखाली, तो बिनगव्हाचा ब्रेड सापडला. अर्ध्या विटेएवढा आणि जवळपास तितकाच कडक. भाव बघून मी तो परत ठेवला, मग पुन्हा उचलला. रोज घ्यायचा तर माझ्या पगारात बसणारा नव्हता. तारीख जवळ आली की तो अर्ध्या भावात निघतो, हे काउंटरवरच्या मुलीने हळूच सांगितलं. मग शाळा सुटली की मी तिकडे डोकावू लागले, आणि कधी मिळायचा, कधी नाही.

पहिल्या दिवशी बाबांनी तुकडा चहात बुडवला आणि तो तिथेच विरघळून तळाशी गेला. त्यांनी कपात बघितलं, मग चमचा मागितला आणि तो गाळ खाल्ला. "चालेल," म्हणाले. त्यानंतर आई रोज चहाबरोबर न मागता चमचा द्यायला लागली. मला आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं, पण मी कप विसळून शाळेत गेले, इतकंच.

तरी पोट बिघडायचं काही थांबेना. वजनकाटा खालीच चाललेला. आईने मग तिचा उपाय सुरू केला. आमच्या घरी पोटाचं काहीही बिनसलं की हिंग. वरणाला चिमूटभर असायचा, तो सढळ हाताने पडू लागला. जेवणानंतर हिंग लावलेलं ताक. ते ताक बाबा मात्र शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे, आणि आई दारात उभी राहून बघायची.

एका संध्याकाळी मी ब्रेडसाठी निघाले तेव्हा आई म्हणाली, "हिंग पण आण. आजकाल लवकर खतम होतो."

ब्रेड मिळाला. हिंगाची डबी घेतली. बिलाच्या रांगेत पुढच्या बाईंचं सामान बरंच होतं. या आजाराने मला एक खोड लावली होती, हातात येईल त्याची बारीक अक्षरं वाचायची. डबी चष्म्याजवळ धरली. वर लिहिलं होतं, डिंक. मग, गव्हाचं पीठ. हिंग सगळ्यांत शेवटी. मी परत वाचलं. रांग पुढे सरकली तशी मीही सरकले. हातातली पिशवी फार जड वाटायला लागली. डबी तिथेच ठेवून दिली.

घरी आले तेव्हा वरण उकळत होतं, पळीत तूप तापलं होतं आणि आईच्या हातात जुनी डबी होती. मी सांगितलं. दुसऱ्या कुठल्या तरी वेळी सांगता आलं असतं, पण फोडणी पडायच्या आत सांगायला हवं होतं.

आईने गॅस बंद केला. "त्यांचं पोट ठीक व्हावं म्हणून मी जास्ती घालत होते," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीतून बाबांना सगळं ऐकू गेलं होतं. "अगं, तेवढीच तर चव लागत होती," ते म्हणाले. आईला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, पण तिने डोळ्यांना पदर लावला.

पुढे हळूहळू बाबांचं पोट ताळ्यावर आलं, काटाही थोडा वर सरकला. ब्रेड अजूनही कपात विरघळतो. घरात हिंग येत नाही. आणि आई आता कुठलाही पुडा माझ्याशिवाय फोडत नाही. काल मिठाची पिशवी घेऊन समोर उभी राहिली.

"वाच."

"मीठ आहे, आई."

"अजून काय आहे?"

"आयोडीन."

"मागच्या बाजूचं पण वाच," ती म्हणाली, आणि मी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून होईस्तोवर हातात कात्री घेऊन तशीच उभी राहिली.